जिनिंगमधली मुलाखत

“मशीन चालता चालता अडकली, तर आधी काय कराल?” आदिनाथनं विचारलं.

“आधी वीज बंद. मगच हात घालायचा,” सृष्टी म्हणाली.

आदिनाथनं मान हलवली. जिंतूरच्या त्या जिनिंग मिलचा कारभार तो बघायचा. मालक त्याचे वडील, महारुद्रशेठ. मिल त्याच्या आईच्याही नावावर होती, म्हणून मालकीणबाईही ऑफिसात बसल्या होत्या. सृष्टीचे वडील बन्सीधर दाराजवळच्या खुर्चीवर होते.

मेकॅनिकलची पदवी घेऊन सृष्टी दोन वर्षं वालूरला घरीच होती. जाईल तिथं एकच ऐकायला मिळायचं, बाईमाणसाला मशीनवर कसं ठेवायचं. भाऊबंद हसायचे. त्यांना गप्प केलं ते वडिलांनीच. ही जागाही त्यांनीच ओळखीतून काढली होती आणि सकाळी स्वतः मोटारसायकलवर तिला घेऊन आले होते.

“चष्मा कधीपासून हाय?” मालकीणबाईंनी विचारलं.

“दहावीपासून. नंबर कमी आहे.”

“ऱ्हावं इथंच लागंल. सारखं वालूरला पळून जमायचं न्हाई.”

“राहीन.”

“हंगामात लय राबावं लागतंय,” महारुद्रशेठ म्हणाले.

“कामाला मी भीत नाही, काका.”

“शिकलेली माणसं टिकत न्हाईत. तुमी मधीच सोडून गेलाव तर?”

“नाही जाणार. शब्द देते.”

शेठनी बायकोकडं बघितलं, मग बन्सीधरकडं. “आमचं ठरलं, बन्सीधरराव.”

बन्सीधरनी उपरण्यानं तोंड पुसलं. लेकीकडं त्यांना बघवेना. सृष्टी सगळ्यांच्या पाया पडली आणि फोन घेऊन बाहेर आली.

आवारात कापसाचा ढीग लागला होता. आतून मशीनचा आवाज येत होता. उद्याच या म्हणाले तर ओढणी नको, सुती शर्ट घालावा, केस घट्ट बांधावेत, असं तिच्या मनात चाललं होतं. वालूरला आईनं फोन उचलला.

“आई, झालं बघ. त्यांनी घेतलं मला.”

आई पलीकडं रडायलाच लागली.

“बरं झालं माय. तुझ्या पप्पांना लय धास्ती होती, तू ऐनवेळी न्हाई म्हणतीस का काय.” नाक ओढून तिनं विचारलं, “अन् पोरगा कसा हाय? पसंत पडला ना तुला?”