सातबाऱ्यावरचा नंबर

लिंबायतच्या कापडाच्या यंत्रमागावर पाळी सुटेपर्यंत मोबाइल शेठच्या पेटीत राहायचे. संध्याकाळी लखननं आपला घेतला, तर सरकार, कंपनी आणि बँकेनं मिळून आणलेल्या शेतीच्या एआयचा सकाळचा निरोप पडून होता: ‘आज कपाशीवर फवारणी टाळा, दुपारी पाऊस आहे.’ त्यानं खानदेशात बायकोला फोन लावून तो वाचून दाखवला. “सकायमाच फवारं,” रंजना म्हणाली. “पाठ मोडी गयी. समदं धुवाई गयं. वावरमा मी शे, अन् ते तुले सांगस?” तिचा नंबर लावा म्हणून लखन नोंदणीच्या वेळी साहेबांच्या हातापाया पडला होता. पण सातबारा ज्याचा, नंबरही त्याचाच म्हणे. तिनं फोन ठेवला. लगेच एआयचा आला: ‘सल्ला उपयोगी पडला असल्यास एक दाबा, नाहीतर दोन.’ लखननं दातओठ खात दोन दाबला. गोड आवाज म्हणाला, “लखनभाऊ, शेतात स्वतः लक्ष घालत जा.”