शिवणाचा डबा

“मांजर अजून कॉटखालीच आहे का रे?” आईने कॉटवर बसल्या बसल्या विचारलं.

“तिथेच आहे. दवाखान्यातून आल्यापासून बिथरलीय,” असं म्हणत चष्मेवाल्याने फरशीवर बसकण मारली. दिवसभर चष्म्यांच्या दुकानात उभं राहून त्याच्या पायांचे तुकडे पडले होते. पण रोजचा हा तास चुकवून चालणार नव्हतं.

बशीत माशाचा तुकडा ठेवायचा, मांजरीकडे पाठ करायची आणि गप्प बसायचं. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, हात पुढे करायचा नाही. एवढं शिकेपर्यंत दोन्ही हात ओरबाडून निघाले होते. गिऱ्हाइकं विचारायची, “काच लागली का?” तो हो म्हणून मोकळा व्हायचा.

खरं कारण कुणाला सांगणार? आईची म्हातारी मांजर दीड महिन्यापूर्वी मागच्या गल्लीत मरून पडली होती. वडील गेल्यापासून आई मनातलं बोलायची ती त्या मांजरीपाशीच. त्यात डॉक्टरांनी बजावलेलं, धक्का बसेल असं काही यांच्या कानावर घालू नका. त्याने मांजर गुपचूप पुरली, दवाखान्यात ठेवलीय अशी थाप मारली आणि चार दिवस वणवण करून तशीच दुसरी शोधून आणली. तशीच म्हणजे, जुनीचा एक पंजा पांढरा होता, हिचे दोन.

ती घरात आली त्याच संध्याकाळी आईचा चष्मा हरवला. सगळं घर पालथं घातलं, पण नाहीच सापडला. त्याने मनातल्या मनात नशिबाचे आभार मानले आणि नव्या चष्म्याचं उद्यावर ढकलत राहिला. “काचाच आल्या नाहीत गं,” म्हणायचा.

शेजारीण हसायची. “चष्मेवाल्याची आई आणि चाचपडत चालतेय!”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण जुनी मांजर सदान्कदा आईच्या मांडीवर असायची. ही तिथे बसेपर्यंत थांबणं भाग होतं. एकदा मांडीवर रुळली की पंजे कोण मोजतंय! रोज सकाळी आईने बटणं शिवून ठेवलेला शर्ट अंगात चढवायचा, दिवसभर लोकांचे नंबर काढायचे आणि संध्याकाळी मांजरीची मनधरणी. तो अगदी मेटाकुटीला आला होता.

आज मात्र ती बाहेर आली. मासा खाल्ला, त्याचा गुडघा हुंगला. मग रोजची वाट असल्यासारखी सरळ कॉटवर चढली आणि आईच्या मांडीवर अंग मुडपून बसली.

आईचा हात सावकाश तिच्या पाठीवरून फिरला.

“आली बाई एकदाची,” आई म्हणाली.

त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. सुटलो, असं वाटलं त्याला.

“आई, काचा उद्या येतील बहुतेक.”

“येतील तेव्हा येतील. हिच्या नखाने शाल उसवली बघ. आतून माझा शिवणाचा डबा आण. मी उठले तर ही पळेल.”

त्याने आतल्या खोलीत जाऊन फळीवरचा डबा काढला. सुई आहे का पाहायला झाकण उघडलं. रिळांवर आईचा हरवलेला चष्मा होता. काचा लख्ख पुसलेल्या.

“मिळाला ना?” बाहेरून आईचा आवाज आला. “मग आता घातला तर चालेल ना रे तुला?”