दोन टब

शरयूबाईंनी ताट हळूच पुढे सरकवलं. "केळं खाईन गं एखादं. पोट जरा जड आहे."

साबिनानं ताट उचललं. वरणभात जसाच्या तसा, वर तुपाची धार. कितीदा बिघडवून तिनं तो एकदाचा जमवला होता. व्हिसाच्या भानगडी मिटून सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदाच मिरजेहून टेक्सासला, शुगर लँडच्या या घरात आल्या होत्या, आणि आल्यापासून त्यांचं पोट जडच होतं. केळी, सफरचंद, कागदी ग्लासातलं पाणी. ते ग्लासही त्यांनी लेकाकडून स्वतः मागवून घेतले होते.

हे जड पोट साबिनाच्या चांगल्या ओळखीचं होतं. ती रोमा घरातली, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघून जगभर पांगलेल्या लोकांतली. फोर्ट वर्थला राहणारी तिची आई बाहेरच्यांच्या घरी गेली की असंच गोड हसून पोटाची तक्रार सांगायची. बाहेरच्याच्या हातचं खायचं नाही. त्यानं तोंड लावलेला कप ठेवायचा नाही, फेकायचा. कमरेवरचे कपडे एका टबात, कमरेखालचे दुसऱ्यात. आणि भांडी पुसायचं फडकं दोन्हींत नाही. ते सगळ्यांपासून लांब, एकटं धुवायचं.

साबिनानं परीक्षितशी, म्हणजे बाहेरच्याशीच, लग्न केलं. पंच बसले. ती विटाळली, असं ठरलं. तेव्हापासून तिच्या माणसांपैकी कुणीही तिच्या पंगतीला बसलं नव्हतं. आई फोनवर "जेवलीस का?" म्हणून रोज विचारायची, पण लेकीच्या घरचं पाणी तिला चालत नव्हतं.

लग्न झालं त्याच आठवड्यात साबिनानं मोजे, उशीचे अभ्रे, स्कर्ट आणि भांड्यांचं फडकं एकाच मशीनमध्ये कोंबलं होतं, आणि काचेसमोर मांडी घालून ते सगळं एकत्र फिरताना बघत बसली होती. हाच आमचा हनीमून, असं परीक्षित अजून चिडवायचा.

सासूबाई यायच्या आधी तो एवढंच म्हणाला होता, "आई देवाधर्माची आहे. कीर्तनाशिवाय तिचा दिवस जात नाही. जरा सांभाळून घे."

सांभाळून घेणं म्हणजे काय ते साबिनाला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं दोन टब आणले. फडक्यासाठी वेगळा खिळा ठोकला. स्कर्टला हात लागला की हात धुऊ लागली. आईच्या घरातलं सगळं न बोलावता हातात परत आलं. तिला एवढंच हवं होतं, की एखाद्या वडीलधाऱ्या बाईनं तिच्या घरात बसून, तिच्या हातचा एक घास खावा. आणि इथे केळी चालली होती.

शनिवारी देवळाच्या हॉलमध्ये कीर्तन होतं. नागपूरहून आलेल्या बुवांनी विदुराघरच्या कण्यांचं आख्यान लावलं. देव राजवाड्यातली पक्वान्नं नाकारून गरिबाच्या घरी कण्या खातो, तिथे शरयूबाईंनी पदरानं डोळे पुसले. साबिनाचं मराठी घरातल्या बोलण्यापुरतंच, म्हणून शेजारी बसलेल्या रत्नाकाकूंनी तिला कानात अर्थ सांगितला. तिनं काही डोळे पुसले नाहीत.

पुढे महाप्रसाद झाला. मदतीला आलेल्या मेक्सिकन मारियानं वाढलेला मसालेभात शरयूबाईंनी दोनदा मागून घेतला.

परत येताना साबिना गाडी चालवत होती. हायवेला लागल्यावर म्हणाली, "पोट बरं झालं वाटतं, आई."

"झालं बाई."

"मारियाच्या हातचं चालतं. माझ्याच हातचं का नाही?"

शरयूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं, मला कशाचं काय? नियम तुझे. परीक्षितनंच फोनवर सांगितलं होतं, तुमच्यात परक्यानं तोंड लावलेलं भांडं फेकून देतात म्हणून. मला वाटलं, थट्टा करतोय मेला. पण आल्या दिवशी बाथरूममध्ये ते दोन टब बघितले आणि म्हटलं, नाही, हे खरं दिसतंय. तुझी इतकी देखणी ताटं माझ्यापायी कचऱ्यात कशाला? केळी खाऊन खाऊन जीव गेला माझा."

साबिनानं इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली. "टब मी तुमच्यासाठी आणले, आई."

"माझ्यासाठी?" शरयूबाईंना आधी कळेचना. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "मी सोवळं कधीच सोडलं. सासूबाईंचे दिवस झाले आणि त्या सोवळ्याच्या लुगड्याची मी पायपुसणी शिवली. देव काय आपल्या बादल्या मोजत बसलाय?"

दोघी रस्त्याच्या कडेला हसत बसल्या. बाजूनं ट्रक गेले की गाडी हलायची, आणि त्यांना पुन्हा हसू यायचं.

घरी आल्याआल्या शरयूबाईंनी ताट मागितलं. पोटात मसालेभात असूनही वरणभात खाल्ला, परत घेतला, ताट बोटानं निपटलं. साबिना समोर नुसती बसून राहिली.

मग शरयूबाईंनी पदर खोचला. दोन्ही टब उचलून मशीनमध्ये उपडे केले. परीक्षितचे मोजे, स्वतःचे परकर, अभ्रे, सगळं एकत्र. खिळ्यावरचं भांड्यांचं फडकं काढून म्हणाल्या, "हेही जाऊ दे. सुटलो बाई एकदाच्या दोघी."

साबिनाला कळायच्या आत तिच्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

"फडकं नको, आई," ती म्हणाली. "ते वेगळं."