मोफत वापरासाठी

छायाचित्रकार मुलाने वडिलांचा एक हसरा फोटो मोफत छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवला होता; कोणीही, कशासाठीही वापरावा, अशी परवानगी देऊन. तेव्हापासून बसता-उठता डाउनलोडचा आकडा पाहण्याचा त्याला चाळाच लागला.

या खेपेला घरी आला, तेव्हा वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे न फोडताच पडलेली दिसली. शेजारी कसल्याशा चूर्णाचा डबा मात्र अर्धा संपला होता.

“बाबा, गोळ्या सोडून हे काय खाताय? पुराव्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारे तुम्ही! कोणाच्या भरवशावर घेतलंत?”

वडिलांनी डबा फिरवून त्याच्यापुढे धरला. त्यावर तोच हसरा फोटो होता.

“तुझ्याच. खात्री करून घेतल्याशिवाय तू माझा फोटो त्यांना थोडाच देशील!”