फाटका आवाज

मेम्फिसच्या चर्चमध्ये ओडेसाने नवे स्पीकर बसवले आणि जुन्या स्पीकरमधून फाटून येणारा टॉलिव्हर पाद्रीबाबांचा आवाज झऱ्यासारखा नितळ झाला. महिन्याभरात निम्मी बाकं ओस पडली.

"अगं बाई, लोकांच्या अंगावर काटाच येईना झालाय," पाद्रीबाबा कळवळले. "जुना आवाज परत आण, नाहीतर तूही वाट धर."

आवाज फाटावा म्हणून ओडेसाने संगणकावर त्याच्या लाटांचे शेंडे छाटून टाकले. पाद्रीबाबा पुन्हा फाटक्या आवाजात गरजू लागले. हळूहळू बाकं भरली, माणसं हात उंचावून रडू लागली.

चर्चच्या दारात तिने परत येऊ लागलेल्या अर्नेस्टीनमावशीला विचारलं, "आता बरं वाटतं ना प्रवचन?"

"अगदी देवाचा शब्द गं पोरी!" मावशी डोळे पुसत म्हणाली. "मध्यंतरी मेलं ते काय बोलतात ते सगळं कळायला लागलं होतं."