बायकोच्या जागेवरचं घर

मोजणीवाला घराच्या मागच्या भिंतीला फीत लावत होता, तोवर फरशीवाल्याने चहा टाकला. मेहुण्याचा बिनसाखरेचा, वेगळा.

"भावोजी, मनाला लावून घेऊ नका," मेहुणा म्हणाला. "ताई असती तर मी आलोही नसतो. पण जमीन तिच्या नावावर, मूलबाळ नाही, आणि तुम्ही पडलात परदेशी. तुमच्या नावावर जमीन होत नाही. ती आता माझ्याकडे येणार. जमिनीबरोबर घरही."

"कळतं मला."

सोळा वर्षांत फरशीवाला ही भाषा भांडण्याइतकी शिकला होता, पण भांडावंसं वाटत नव्हतं. एक थापी घेऊन परक्या मुलखात उतरलेल्या माणसाला इथे बायको मिळाली, छप्पर मिळालं. घरातली एकेक फरशी त्याने स्वतः बसवली होती. शेवटचे सहा महिने बायको याच खिडकीशी पडून होती, ऊन अंगावर घेत. तेवढ्यासाठीही या घराचे उपकार होते.

सल एकच होता. कागदपत्रांचा विषय निघाला की ती हसण्यावारी न्यायची. "मी बघते ते," म्हणायची. तिने काही बघितलं नव्हतं.

मोजणीवाल्याने तिसऱ्यांदा नकाशा उलगडला.

"साहेब, तुमच्या बहिणीची जागा ही नाहीच. कुंपणापलीकडे वांगी लावलीत ना, ती."

"आणि हे घर?"

"शेजारच्या मावशींच्या जागेत आहे. सगळंच्या सगळं."

मेहुण्याने नकाशा स्वतःकडे ओढून खुणा तपासल्या. मग चहा तसाच ठेवून वांग्यांची जागा मोजून घ्यायला पलीकडे गेला.

फरशीवाला मावशींच्या दारात जाऊन उभा राहिला. या बाईने सोळा वर्षं भाजी पुरवली, आजारपणात बायकोच्या उशाशी बसली, आणि आपण हिचीच जमीन बळकावून बसलो होतो.

"मावशी, फार मोठी चूक झाली आमची. मी घर रिकामं करतो."

"आधी बसा, जावईबापू." मावशींनी कपाटातून शिक्क्याचा एक कागद काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

तो भाडेपट्टा होता. जागा मावशींची, घर बांधून तहहयात राहण्यासाठी दिलेली. भाडेकरू म्हणून त्याचं नाव होतं आणि खाली त्याचीच सही. इथली लिपी येत नव्हती तेव्हाची, बायकोने बोट ठेवलं तिथे केलेली.

"बदल्यात तिची जागा मी पिकवायची, असं ठरलं होतं," मावशी म्हणाल्या. "आता वांगी गेली तर जाऊ देत, माझेही गुडघे थकलेत."

"पण तिने असं का केलं?"

"पाया खणायच्या आधी इथेच येऊन बसली होती. म्हणाली, 'मावशी, बाबांनी मला जमीन दिली, पण भाऊही त्यांनीच दिलाय. मी आधी गेले तर तो ह्यांना बाहेर काढील. म्हणून घर तुमच्या जागेत बांधते. ह्यांना मात्र सांगू नका, ह्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.'"