धुक्यातलं झाड

सासऱ्यांनी आजही ताट खोलीतच मागवलं. आजचा नववा दिवस. सून ताट घेऊन गेली तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, तसेच बसून राहिले. ठेव, एवढंच म्हणाले.

नऊ दिवसांपूर्वी ती धुक्यातलं झाड तोंडावर बांधून बाहेरून आली आणि नेमके दारात सासरे उभे. मास्कच्या पांढऱ्या सुती कापडावर काळंकरडं, एकही पान नसलेलं झाड. ते त्या झाडाकडे बघत राहिले. मग एक शब्द न बोलता आत गेले, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण झाड त्यांचं होतं. पाण्यात उभा करकोचा त्यांचाच, ओल्या दगडांची नदीही त्यांचीच. कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यातून जुन्या निगेटिव्ह तिनं न विचारता काढल्या, छापखान्यात देऊन कापडावर उतरवून घेतल्या आणि मुलगी दुपारी झोपली की त्या दीड तासात खोलीचं दार लोटून मास्क शिवले. साथीचे दिवस होते. सगळ्यांच्याच तोंडावर काही ना काही बांधलेलं होतं, पण असलं कुणाच्या नव्हतं. शेजारच्या बाईंनी चार नेले, त्यांच्या बहिणीनं दहा मागितले. सासऱ्यांना विचारायचं रोज ठरायचं आणि रोज राहायचं. मूल झोपलंय, मशीन मांडलेली आहे, एवढ्या चुण्या घालून होऊ देत, मग विचारू. असं करता करता महिना उलटला.

आणि सासरे काही साधेसुधे हौशी नव्हते. सगळा परिसर त्यांना फोटोवाले म्हणूनच ओळखायचा. बाहेरच्या खोलीत बक्षिसांच्या तीन ढाली होत्या, पेपरातली कात्रणं होती. पहाटे रानात निघाले की सासूबाई सोबत असायच्या, डबा आणि पिशवी धरायला, असं लोक हसून सांगत. पुढे सासूबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्या दिवसापासून सासऱ्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. तिला घरी टाकून कसा जाऊ, म्हणायचे. आळीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. सासूबाई मात्र भिंतीवरच्या त्या फोटोंकडे ढुंकूनही बघत नसत. बघायचं काय त्यात, मी तिथंच होते की, म्हणायच्या. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

अशा माणसाच्या घरात राहून त्याचंच चोरलं. आणि छापलं कशावर, तर लोकांच्या शिंका झेलायच्या फडक्यावर.

नवऱ्यानं आधी थट्टेवारी नेलं. करकोचा तोंडावर चढवून आरशासमोर उभा राहिला. चोच बरोबर नाकावर बसली म्हणून लेकीला हसवलं. बाबांचा राग दोन दिवसांचा असतो, म्हणाला. पाचव्या दिवसापासून त्यानंही थट्टा सोडली.

त्यातच संग्रहालयाच्या दुकानाकडून विचारणा आली. दोनशे मास्क हवे होते. ती भेटायला गेली तेव्हा तिथल्या बाईंनी फोटो कुणाचे ते विचारलं. सासऱ्यांचे, ती म्हणाली. मग त्यांची संमती असेलच, बाई म्हणाल्या, आणि तिनं मान हलवली. त्या हलवलेल्या मानेची तिला रस्ताभर लाज वाटली. संमतीचा कागद दुसऱ्या दिवशी भरून द्यायचा होता.

नवरा म्हणाला, "आण इकडे. माझी सही बाबांच्या सहीसारखीच आहे."

"एक चोरी पचली नाहीये मला," ती म्हणाली. "दुसरी कुठं ठेवू?"

दुपारी लेक झोपली. तिनं पत्र्याचा डबा घेतला, उरलेले मास्क घेतले, वर तो कागद ठेवला आणि सासऱ्यांच्या खोलीत गेली. ते नाही म्हणाले तर सगळं कापड फाडून पायपुसणी करायची आणि पुन्हा मशीनला हात लावायचा नाही, असं ठरवून गेली.

"बाबा, मी चोरी केली," ती उभ्यानंच म्हणाली. "तुम्हाला विचारलं नाही. तुमचं नावसुद्धा कुठं घातलं नाही. तुम्ही माझ्यावर रागावलात ते बरोबरच आहे."

ते वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"रागावलो? मी?"

"नऊ दिवस झाले, तुम्ही आमच्यात जेवत नाही."

मग एक मास्क उचलून त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी चुण्या उलगडल्या. झाड मोठं झालं.

"तू दारातून आलीस ना हे बांधून," ते म्हणाले, "तेव्हा वाटलं, तुला कळलं. म्हणून समोर यायची लाज वाटत होती."

काय कळलं, ते तिच्या ध्यानात येईना. वयानं काहीतरी घोटाळा होतोय, असंच तिला वाटलं. तिनं हलक्या हातानं कागद पुढे सरकवला. वरच्या रकान्यात छायाचित्रकाराचं नाव, खाली सही, म्हणून सांगितलं. मनात नसेल तर राहू दे, असंही म्हणाली.

त्यांनी पेन मागितलं. वरचा रकाना भरायला त्यांनी फार वेळ घेतला, अक्षर अक्षर कोरल्यासारखा. सही मात्र पटकन केली. कागद तिच्या हातात दिला आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

आधी तिची नजर सहीवर गेली. ती त्यांचीच होती, आणि सहीपुढे त्यांनी बारीक अक्षरात 'पती' असं लिहिलं होतं.

वर, छायाचित्रकाराच्या रकान्यात, सासूबाईंचं नाव होतं.